वाढवलेलं दुकान

आमच्या पेठेत दुकान कोणी बंद करत नाही. दुकान वाढवतात. संध्याकाळी फळ्या लावल्या, कुलूप घातलं, की शेजारी विचारतो, "वाढवलं का?" आपण म्हणायचं, "वाढवलं." बंद हा शब्द धंदेवाल्याच्या तोंडी बरा नाही. तशीच आमच्या कामात बांगडी फुटत नाही, ती वाढते. हातात भरताना एखादी कडकन गेली तर "वाढली" म्हणायचं, तुकडे बाजूला सारायचे आणि दुसरी घ्यायची. ही रीत माझ्या आज्यापासूनची.

मी मोहिद्दीन मणेर. कराडला जुन्या पेठेत, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत माझं बांगड्यांचं दुकान आहे. माझं म्हणजे माझं आणि आबेदाचं. मी उजव्या भिंतीला बसायचो, ती डाव्या. तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता. बाईचा पंजा नुसता दाबून ती माप सांगायची आणि बाई बोलत असेपर्यंत हात भरून व्हायचा. लेकीबाळी तिच्यापुढेच बसायच्या. माझ्याकडे यायच्या त्या रांग मोठी असली तरच.

आबेदा पाटणकडची. तिच्या माहेरी घरातसुद्धा मराठीच बोलायचे. लग्नानंतर माझ्या आईनं आमची घरची दखनी बोली तिला शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला, शेवटी आईच मराठी बोलायला लागली.

दुकान अरुंद. आबेदाचे गुडघे दुखायला लागल्यापासून तिला पाय पसरायला जागा हवी असायची आणि ती मिळत नसे. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला बायकांच्या पिशव्या. "आवं, जरा दुकान वाढवा की," ती म्हणायची. मी म्हणायचो, "रोज संध्याकाळी वाढवतोच की." मग ती हातातला, दोरीत ओवलेल्या बांगड्यांचा तोडा माझ्या मांडीवर आपटायची. हा विनोद आम्ही आयुष्यभर केला आणि दर वेळी हसलो.

गेल्या पावसाळ्यात तिला ताप आला. दवाखान्यात नेली ती परत बोलली नाही. रिजवान, आमचा मुलगा, चाकणला कंपनीत आहे. तो आला, सगळं केलं, मला तिकडे चला म्हणाला. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी मी फळ्या लावल्या. शेजारचा तानाजी सणगर घोंगड्या झटकत होता. सवयीनं त्यानं विचारलं, "वाढवलं का?" मी म्हणालो, "वाढवलं." मग त्यालाच कसंतरी झालं आणि तो आत गेला. त्यानंतर मी दुकान उघडलं नाही.

आता पेठच तशी झाली होती. गिऱ्हाईक मलकापूरला, हायवेच्या कडेला गेलं. उंब्रजच्या बायका पूर्वी एसटीनं लग्नाचा बस्ता बांधायला आमच्याकडे यायच्या, त्यांना आता सगळं गावातच मिळतं. आमच्या ओळीत निम्म्या दुकानांना कुलपं. पत्र्यांवर शेवाळ, वर वायरींचं जाळं, खाली गटार. तरी सकाळचं ऊन गल्लीत उतरतं तेव्हा ती मला अजून चांगली दिसते.

थंडीच्या सुरुवातीला प्रांजल आली. पेठेला पुन्हा ऊर्जितावस्था आणायची म्हणून आराखडा करायचं काम पुण्याच्या एका कचेरीला मिळालं होतं आणि कचेरीनं हिला पाठवली होती. सव्वीस-सत्तावीसची पोर, स्कूटरवरून यायची, तानाजीच्या घोंगड्यांच्या थप्पीवर बसून चहा प्यायची. मला चाचा म्हणायची. आम्ही आधी तिला घाबरलो. मोजायला आलेला माणूस पाडायलाच आलेला असतो असा आमचा अनुभव. पण तिला पेठ खरोखर आवडली होती. वायरी जमिनीखालून न्यायच्या, गटार झाकायचं, दुकानांच्या लाकडी फळ्या तशाच ठेवून दुरुस्त करायच्या, नदीकडच्या टोकाला बायकांना टेकायला ओटा करायचा. तिनं हे सांगितलं तेव्हा तानाजी दोनदा म्हणाला, "व्हय?"

अट एकच होती. माघ महिन्यात पालिकेची समिती बघायला येणार. आमची ओळ चालू दिसली तर दुरुस्ती. बंद दिसली तर मधली दुकानं पाडून गाड्या लावायला जागा. मधलं दुकान माझं.

महिनाभरात तिनं पहिला नकाशा करून चौकात लावला. आम्ही बघायला गेलो. चालू दुकानं हिरवी होती. बंद दुकानं नकाशावर कुठंच नव्हती. त्यांच्या जागी जांभळा रंग होता आणि खाली लिहिलं होतं, मूळ मापापेक्षा वाढवलेली दुकानं, तपासणी आवश्यक.

तानाजीनं चष्मा लावून दोनदा वाचलं. मग तो हसायला लागला तो कठड्यावर बसेपर्यंत.

"मोद्दीन, गड्या, तू अतिक्रमण केलंस."

"मी?"

"घरात बसून. फळ्या लावून. दोरखंडवाल्या कोंडीबानं बी केलंय. तो तर अंथरुणातनं उठत न्हाई."

झालं असं होतं की प्रांजल बंद दुकानांच्या मालकांच्या घरी गेली होती. दुकानाचं काय, असं विचारलं की प्रत्येकानं सांगितलं, वाढवलं. कोणी म्हणालं बाप गेला तेव्हा वाढवलं, कोणी म्हणालं लॉकडाऊनमध्ये वाढवलं. पोर बंगळूरला लहानाची मोठी झालेली. घरी मराठी, पण घरात दुकान कोणाचं नाही. तिनं ऐकलं तसं मांडलं.

तिला सांगितलं तेव्हा तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "माझी आजी देवापुढचा दिवा वाढवते म्हणायची," ती म्हणाली. "मला वाटायचं, वात मोठी करते."

"दिवा इझल्यावर बी कळलं न्हाई व्हय?" तानाजी म्हणाला.

"मी तेवढ्यात झोपायचे, काका."

आम्ही सगळे हसलो. आबेदा गेल्यापासून मी पहिल्यांदा एवढा हसलो. प्रांजल म्हणाली, नकाशा बदलते, पण बंद दुकानांची आतली मापं राहिलीच आहेत, तुमच्यापासून सुरुवात करू.

दुपारची वेळ होती. मी दोन फळ्या काढल्या. आत धूळ, लाकडाचा आणि लाखेचा वास. कपाटात बांगड्यांचे तोडे होते तसे होते. तिनं हातात मावणारं लेझरचं यंत्र काढलं, उजव्या भिंतीला टेकवलं, समोरच्या भिंतीवर तांबडा ठिपका पडला. तिनं आकडा बघितला. पुन्हा केलं. मग पिशवीतून साधी टेप काढली आणि मला एक टोक धरायला दिलं.

"चाचा, ही भिंत कधी मागे घेतली?"

"कुठली?"

"डावी."

"ती दगडाची आहे. तिच्या पलीकडे तानाजी बसतो."

ती बाहेर गेली, बाहेरून मोजलं. बाहेरचं माप कागदावर होतं तेच. मग तानाजीच्या दुकानात गेली. त्याचंही तेच. भिंतीची जाडीही तेवढीच. ती परत आली आणि उंबऱ्यावर बसली.

मी डावीकडे बघत होतो. आबेदाची चटई जिथं असायची तिथंच होती. पण पूर्वी चटईची कड भिंतीला लागायची. आता चटई आणि भिंत यांच्यामध्ये फरशी दिसत होती. जुनीच शहाबादी फरशी, नवा जोड कुठं नव्हता. होती तीच फरशी तिथपर्यंत गेली होती. जागा फार नव्हती. बसलेल्या बाईला एक पाय पसरता येईल एवढी.

"यंत्रात काही असेल," प्रांजल म्हणाली.

"टेपमध्येही?"

"चाचा, मी उद्या येते."

ती दुसऱ्या दिवशी आली आणि बाकीची जांभळी दुकानं मोजली. मला तिनं आपणहून काही सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "सगळी वाढलीत. जे जास्त वर्षं बंद, ते जास्त." तिचा चेहरा उतरला होता. नकाशा मात्र तिनं बदलला नाही. जांभळा रंग तसाच राहिला, फक्त कोणी आता त्यावर हसत नव्हतं.

मी रोज दुपारी दुकानात जाऊ लागलो. एक फळी काढायची, आत जायचं, माझ्या जागी बसायचं. काय ऐकू यायचं ते जसंच्या तसं सांगतो. काचेला काच लागल्याचा आवाज यायचा. बाई बांगड्या मापाप्रमाणे निवडून दोरीत ओवते तसा, थांबून थांबून. डावीकडून यायचा. मी बघितलं की थांबायचा, म्हणून मी बघायचं सोडून दिलं. समोर फळीच्या फटीतून गल्ली दिसायची, तिकडे बघत बसायचो. एकदा मी त्या वाढलेल्या फरशीवर हात ठेवून पाहिला. थंडीचे दिवस, दुकानात ऊन येत नाही. फरशी उबदार होती. नुकतंच कोणी पाय उचलून घेतल्यासारखी. मी हात लगेच काढला. जागा तिची होती.

भीती वाटली का, असं कोणी विचारलं तर नाही. घरी जास्त भीती वाटायची. घरी काहीच नव्हतं.

आठवडाभरानं बघितलं तर दुसराही पाय पसरता येईल एवढं झालं होतं.

मग कोंडीबाचं झालं. कोंडीबाचं दोरखंडाचं दुकान, ओळीच्या टोकाला. त्याचा बाप, आण्णा, गेल्यापासून पंधरा-वीस वर्षं तसंच होतं. समिती येणार म्हणून त्याच्या सुनेनं दुकान उघडायचं ठरवलं. आदल्या दिवशी झाडून काढलं, सासऱ्याला बसायला म्हणून लोखंडी खाट आडवी टाकली. खाट टाकूनही दोन्ही बाजूंनी माणूस चालत जात होता. सकाळी फळ्या काढल्या, उदबत्ती लावली, पहिल्या गिऱ्हाइकाला गुरांचं दावं विकलं. दुपारी कोंडीबाला धरून आणला, तर खाट दोन भिंतींच्या मध्ये अडकलेली. चारी पाय जमिनीपासून वर.

आम्ही चौघांनी ओढूनही ती निघाली नाही. शेवटी कापावी लागली. प्रांजल समोर उभी होती. तिनं यंत्र बाहेर काढलं नाही.

कोंडीबाला आम्ही पायरीवर बसवलं. तो बराच वेळ आतल्या भिंतीकडे बघत होता.

"मागं जागा हुती," तो म्हणाला. "तितं आण्णा हुतं. मी कुणाला बोललो न्हाई. खोकायचं."

"आन आता?" तानाजीनं विचारलं.

"आता भित्ताड हाय."

त्या दिवशी मला कळलं की मला काय ठरवायचं आहे. मला घाई करणारं कोणी नव्हतं, पण माघ जवळ आला होता. तानाजी माझ्याकडे यायचा आणि इकडचं तिकडचं बोलून जायचा. मेंढराच्या लोकरीचा भाव, नातवाची शाळा. मग एका दुपारी तो माझ्या दुकानाच्या फळीशी आला. आत आला नाही. बाहेरूनच बोलला.

"मोद्दीन."

"बोल."

"वैनी हाय का आत?"

डावीकडचा आवाज थांबला होता.

"हाय," मी म्हणालो.

"लय बरं," तो म्हणाला. "मी तुला उघड म्हणत न्हाई गड्या. पर तुझी आन माझी भिंत एक हाय. तुझं पाडलं तर माझं उभं ऱ्हात न्हाई. हायवेला घोंगडी कोण घेतंय? तितं पोरं म्हणत्यात, काका, ही योगा मॅट हाय का?"

मला हसू आलं. त्यालाही आलं. मग तो म्हणाला, "मी जातो," आणि गेला. आमच्याकडे निघताना येतो म्हणतात. तो जातो म्हणाला.

मी बसून राहिलो. आबेदाला गल्ली भरलेली आवडायची. बाजाराच्या दिवशी बायकांचा कालवा असला की तिचे गुडघे दुखत नसत. गिऱ्हाईक नसलं की दुखत. तानाजीच्या बायकोच्या प्रत्येक बाळंतपणानंतरच्या बांगड्या तिनं भरलेल्या होत्या, पैसे न घेता. तिला विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं ते मला माहीत होतं. म्हणून मी विचारलं नाही. सांगितलं.

"आबेदा, उद्या उघडतो."



बऱ्याच वेळानं काच एकदा वाजली. तोडा पूर्ण करून खाली ठेवावा तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्या फळ्या काढल्या. ओळीनं बाहेर उभ्या केल्या. पाणी मारलं. कपाट उघडून हिरव्या, तांबड्या, मोरपंखी बांगड्या समोर लावल्या. तानाजीनं आपल्या दुकानातून बघितलं आणि चहा सांगितला.

पहिली बाई आली ती उंब्रजची बनुबाई. तिचा हात आबेदाच भरायची.

"कवाची वाट बघतीया मी," ती म्हणाली. "बोडका हात घिऊन हिंडायचं का म्या? नातीचं लगीन तोंडावर आलंय."

"उंब्रजला मिळतात की बांगड्या."

"मिळत्यात. ती भरत न्हाईत. हातात दित्यात आन म्हनत्यात, घाला."

ती आबेदाच्या जागेसमोर बसली, मग तिला आठवलं आणि ती सरकून माझ्यापुढे आली. मी तिचा हात घेतला. अंगठ्याचा उंचवटा दाबला, बांगडी सरकवली. माझा हात या कामाला बसलेला होता, पण दुसरीच बांगडी कडकन गेली.

"वाढली," मी म्हणालो.

आणि मान वळवून डावीकडे पाहिलं.

चटईची कड भिंतीला लागलेली होती. लागलेली म्हणजे दुमडून वर चढलेली. भिंत तिच्यावर येऊन थांबली होती.

मी तिसरी बांगडी घेतली.

बाकीच्यांनीही दुकानं उघडली. समिती आली, फिरली, फोटो काढले. ओळ राहिली. वायरी काढायचं काम सुरू झालं. प्रांजल एकदा पुन्हा मोजून गेली. "बरोबर आलं, चाचा," एवढंच म्हणाली आणि यंत्र बंद केलं. मग बसली आणि दोन्ही हात पुढे केले. मी तिला बांगड्या भरल्या. नवीन नकाशात आता जांभळा रंग नाही.

दुकान चांगलं चालतं. संध्याकाळी तानाजी विचारतो, "वाढवलं का?" मी म्हणतो, "बंद केलं." तो घोंगड्या झटकायला लागतो.

काल दुपारी मी जेवायला घरी गेलो. सकाळीच भात आणि आमटी करून ठेवतो, दुपारी पातेल्यातून आपल्या हातानं घेतो. स्वयंपाकघरात पाट मांडला. ताट घेतलं. पाणी घेतलं. बाहेर गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. मी पातेल्याकडे वळणार एवढ्यात मागून तिनं विचारलं, नेहमीसारखं, थोडं घाईत.

"वाढू का?"

पोरांचा आवाज चालूच होता.

मी वळलो नाही. ताट तसंच मागे सरकवलं.

"वाढ," मी म्हणालो.

आमचं स्वयंपाकघर एवढंसं आहे. पाटावर बसून हात मागे केला तर भिंतीला लागतो.

मी हात मागे केला नाही.